घारीचं वजन

३ फेब्रुवारी

पुस्तकाची शेवटची मुद्रितं आज आली. एकेचाळीस वर्षांचं काम पोस्टमननं फाटकाच्या कडीला लटकवून ठेवलं होतं. बेल दाबायचेही कष्ट घेतले नाहीत. हाक मारून परत बोलावला आणि चांगला झाडला. तो म्हणाला, "आजोबा, वर तुमचं नाव आहे, दुसरं कोण नेणार होतं?" उत्तर बरोबर होतं, म्हणून आणखी राग आला.

आजपासून ही वही लिहायची ठरवली आहे. पुस्तक बाहेर आलं की लोक माझ्याबद्दल लिहायला लागतील, आणि लिहिणारे बहुतेक सगळे गाढव असतील. त्यांना तारखा तरी नीट मिळाव्यात.

प्रकाशक म्हणतो, सावकाश एप्रिलमध्ये काढू. मी त्याला स्पष्ट सांगितलं, १ मार्चच्या आत पुस्तक बांधून तयार पाहिजे. इथल्या हवाई तळाच्या गुप्त फायलींची चाळीस वर्षांची मुदत १ मार्चला संपते आणि त्या अभिलेखागारात सर्वांना वाचायला मिळणार आहेत. फाईल उघडल्यावर कोणीही शहाणा होईल. ती उघडायच्या आधी ज्यानं लिहून ठेवलं तो इतिहासकार, बाकीचे नकलाकार. प्रकाशकानं मान डोलावली. त्याला कळलं असेल असं वाटत नाही, पण तो ऐकतो एवढं पुरे.

५ फेब्रुवारी

तिसरं प्रकरण तपासलं. स्वतःचं लिखाण वाचून समाधान वाटावं असं माझं क्वचित होतं, आज झालं.

त्या वेळी मी पाइपांच्या कारखान्यात टंकलेखक होतो. कारखान्याच्या पत्र्यावर पालथं पडलं की तळाची उत्तरेकडची शेड दिसायची. तिथं मी ती पहिल्यांदा पाहिली. काळी, त्रिकोणी पंखांची, शेपटीवर क्रमांक नाही, कुठल्याही देशाच्या कुठल्याही यादीत नाही. मी तिला 'घार' हे नाव दिलं. तीन वर्षांत एकोणीस वेळा दिसली, सत्तावीस छायाचित्रं घेतली, तिच्यापायी नोकरी गेली. तेव्हापासून मी दुसरं काहीही केलेलं नाही. लोक देवाच्या मागे लागतात, मी घारीच्या लागलो. माझ्याकडे निदान छायाचित्रं आहेत.

तिचं वजन हा माझा खरा शोध. एवढ्या आकाराचं विमान सात-आठ टनांचं असतं, त्याला हलवायला ट्रॅक्टर लागतो. घारीला चार जवान हातानं ढकलत. छायाचित्र क्रमांक ११ मध्ये तर त्यातल्या एकाचा एक हात खिशात आहे. याचा अर्थ, ती धातूची नव्हतीच. जगाला आजही माहीत नसलेला एखादा अतिहलका पदार्थ त्यांनी शोधून काढला होता. यावर सव्वीस पानं आकडेमोड आहे. तिच्याखालच्या जमिनीवर तेलाचा एक डाग कधी दिसला नाही, इतके तिचे सांधे अचूक. आभाळ भरून आलं की तिला धावतपळत शेडमध्ये नेत, कारण वरच्या खास लेपाला ओल चालत नसणार. आणि तीन वर्षांत तिच्या इंजिनाचा आवाज मला एकदाही आला नाही. इतकं नीरव इंजिन तेव्हा कोणाकडेच नव्हतं. आठवं प्रकरण त्या इंजिनावर आहे.

सातवं सगळ्यात अवघड. सावल्या मोजून मी सिद्ध केलंय की तिचा डावा पंख उजव्यापेक्षा हातभर आखूड आहे. झपकन एका बाजूला वळता यावं म्हणून ही योजना. आज वाचताना मलाच दोनदा डोकं धरून बसावं लागलं.

६ फेब्रुवारी

मुद्रितं आमच्याकडे बायको तपासते, लग्न झाल्यापासून. अडतीस वर्षांत तिनं घारीबद्दल एक प्रश्न विचारला नाही, पण काना-मात्रा सुटू दिली नाही. लाल पेन, लाकडी पट्टी, ओळीखाली ओळ. आज जेवताना म्हणाली, "दादाला एकदा दाखवायचं का?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. हा मनुष्य त्याच हवाई तळावर एकतीस वर्षं नोकरीला होता. सुतार म्हणून. एवढ्या मोठ्या गुपिताच्या शेजारी नशिबानं बसवलं कोणाला, तर याला. मी खरं तेच लिहितो: त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो बातमी काढायला. विचारलं, "तळावर काय करता?" म्हणाला, "खुर्च्या बनवतो." पुढं एक अक्षर नाही. चहा घेऊन त्याची बहीण आली, आणि मी बातमीऐवजी बायको घेऊन परतलो. ती चांगली निघाली. तो खुर्च्यांच्या पुढं आजतागायत गेलेला नाही.

"सुताराला काय दाखवायचं?" मी म्हणालो. तिनं ताट उचललं.

९ फेब्रुवारी

मेहुणा आला होता. वर्षातून दोनदा येणारा माणूस, न कळवता आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, जिना चढून धाप लागली होती. पाणी प्यायला आणि एकदम म्हणाला, "भावजी, पुस्तक तीन आठवडे पुढं ढकला."

"का?"

"कारण सांगता येत नाही."

"कारण नसताना मी कोणाचं ऐकत नाही."

"माझं एवढं एक ऐका. अडतीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"दिलंही नाहीत. तुमच्या घरात मी एकच गोष्ट विचारली होती."

"तेव्हाही सांगता येत नव्हतं."

"खुर्च्यांमध्ये कसलं आलंय गुपित?"

यावर तो गप्प बसला. त्याची गप्प बसायची पद्धत मला पहिल्यापासून डोक्यात जाते. जबडा हलवतो, पण शब्द आत ठेवतो. बायको दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "चहा नको," आणि कठड्याला धरून उतरून गेला.

तळावरच्या कोणा बड्या धेंडानं त्याला पाठवला असणार. म्हणजे ते घाबरलेत. उत्तम.

१३ फेब्रुवारी

शिष्योत्तमाचं पत्र आलं. याला तळटीप कशी लिहायची ते मी शिकवलं, नऊ वर्षं माझ्या टेबलाशी बसून माझे कागद लावले, आणि आता पन्नाशीला आल्यावर तो स्वतःच विमानांच्या इतिहासावर भाषणं देत हिंडतो. लिहितो: "सर, फाईल उघडेपर्यंत थांबावं असं नम्रपणे सुचवतो. छायाचित्र ११ मधला तो खिशातला हात मला फार अस्वस्थ करतो."

हात त्या जवानाचा, खिसा त्या जवानाचा. हा का अस्वस्थ होतोय? पोटात दुखतंय, दुसरं काय. मी पत्राच्या पाठीमागेच उत्तर लिहिलं आणि त्याच पाकिटातून परत पाठवलं, म्हणजे मी त्याच्यासाठी नवा कागदही वापरला नाही हे त्याच्या लक्षात येईल.

एका आठवड्यात दोघांनी थांबायला सांगितलं. एक काही न सांगणारा, दुसरा जास्त बोलणारा.

१४ फेब्रुवारी

प्रस्तावनेत नवा मजकूर घातला. मला तो आवडला म्हणून इथं उतरवून ठेवतो:

'त्या तळावर एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माझ्या एका जवळच्या नातेवाइकानेही, ज्याला रंधा आणि फळी यांपलीकडे विमानातले काही कळत नाही, हे सत्य दडपण्यासाठी माझ्यावर दबाव आणला. त्याला मी इतिहासाच्या वतीने क्षमा करतो.'

शेवटचं वाक्य विशेष चांगलं उतरलंय.

१६ फेब्रुवारी

प्रस्तावनेचं नवं मुद्रित आज बायकोच्या हाती पडलं. स्वयंपाकघरातून पट्टीचा आवाज थांबला तेव्हाच मी ओळखलं.

"ही ओळ काढा," ती आत येऊन म्हणाली.

"खोटं काय आहे तिच्यात?"

"खरं-खोटं मला माहीत नाही. तो माझा भाऊ आहे."

"इतिहासात भाऊ-बहीण नसतात."

"एकदा त्याचं ऐकून तरी घ्या. तो कशाला काही दडपेल? त्याला कुठलं विमान उडवायचंय?"

"तेच तर मी लिहिलंय."

तिनं पट्टी आणि लाल पेन माझ्या टेबलावर ठेवलं. "मग उरलेली पानं आता इतिहासालाच तपासू द्या," म्हणाली. एकशे चाळीस पानं उरली आहेत. मी स्वतः तपासायला बसलो आणि तासाभरात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हे काम ती इतकी वर्षं कसं करत होती कोण जाणे.

१८ फेब्रुवारी

दिवसभरात दोघांत मिळून सात शब्द झाले. त्यातले पाच माझे.

२१ फेब्रुवारी

छपाईच्या हुकमावर सही केली. प्रकाशकानं पुन्हा एकदा विचारलं, "नातेवाइकांची ओळ ठेवायचीच?" म्हटलं, "तुम्ही कागद बघा, ओळी मी बघतो."

एक गोष्ट फक्त इथं लिहितो, कारण ही वही माझी आहे. परत येताना दुकानात प्लास्टिकच्या बादल्या टांगलेल्या दिसल्या आणि मनात आलं: घारीचा तो पदार्थ इतका हलका आणि इतका मजबूत होता, तर चाळीस वर्षांत त्याचं दुसरं काही का बनलं नाही? एखादं जहाज, एखादी मोटार, निदान एक बादली. रस्त्यातच उभा राहिलो. मागून सायकलवाला ओरडला.

उत्तर सोपं आहे: गुप्तता. मला पटलं. तरी जेवण गेलं नाही, आणि का जेवत नाही हे विचारणारं माणूस सध्या घरात बोलत नाही.

२७ फेब्रुवारी

पुस्तकबांधणीवाल्याकडून पहिल्या पाच प्रती आल्या. मुखपृष्ठावर छायाचित्र ११. पाचशे प्रती बांधून तयार आहेत, वाटप दहा मार्चला. मी एक प्रत बायकोच्या हातात दिली. तिनं ती वासासाठी नाकाशी नेली, मधली दोन पानं चाळली, प्रस्तावना उघडली नाही.

"कागद चांगला आहे," म्हणाली.

माझ्या आयुष्यावर एवढंच.

१ मार्च

सकाळी आठला मेहुणा दारात. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. लग्नाला आल्यासारखा. अभिलेखागार आजपासून उघडलं आहे, माझी पाळी उद्याची. मी त्याच तयारीत होतो आणि मला वेळ नव्हता.

"भावजी, आजपासून मला बोलायची मोकळीक आहे," तो म्हणाला. "पहिलं तुमच्याकडे आलोय. बसू का?"

मी बस म्हटलं नाही. पुस्तक आणलं, प्रस्तावना उघडली आणि त्याच्या हातात दिली. "आधी हे वाचा."

चष्मा आणला नव्हता. पुस्तक हातभर लांब धरून उभ्यानं वाचलं. ओठ हलत होते. वाचून झाल्यावरही पान तसंच धरून ठेवलं.

"हे छापलं?"

"छापलं."

"लोकांना दिलं?"

"दहा तारखेला."

"मग अजून वेळ आहे. ऐका माझं, दहा मिनिटं."

"तीन आठवड्यांपूर्वी ऐकायला तयार होतो, तेव्हा तुमची वाचा बसली होती. आता फाईल उघडली तर तुम्हाला कंठ फुटला. तुमचं जे काय असेल ते फायलीत असेलच. उद्या वाचीन. कागद तुमच्यापेक्षा नीट बोलतो."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता हात उगारतो. उगारला असता तर मला आवडलं असतं. पण त्यानं पुस्तक मिटून स्टुलावर ठेवलं, अगदी हळू, आणि म्हणाला, "तुम्ही हुशार आहात, भावजी. हेच मी सगळीकडे लिहून दिलं." याचा अर्थ मला लागला नाही. मी दार लावून घेतलं.

बायको त्याला सोडायला म्हणून खाली उतरली ती तासाभरानं आली. डोळे सुजलेले. माझ्या खुर्चीशी उभी राहिली. मला वाटलं, भावाचा कैवार घेऊन भांडणार. उलट तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "उद्या मी येऊ का तुमच्याबरोबर?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटी नवऱ्याचा विजय डोळ्यांनी बघावासा वाटलाच तिला. मी म्हटलं, कंटाळशील. ती म्हणाली, "नाही कंटाळणार."

२ मार्च

फाईल हिरव्या पुठ्ठ्याची आहे, दोऱ्यानं बांधलेली. पहिल्या पानावर टंकलेलं: 'बनावट विमान, लाकडी. नग एक. शेजारी राष्ट्राच्या टेहळणीची दिशाभूल करण्यासाठी.' खाली प्लायवूडच्या तख्त्यांची यादी, खिळे, काळा रंग, ताडपत्री, हातगाडीची चार चाकं. शेवटी भांडारपालाचा शेरा: 'प्लायवूड संपल्यामुळे डावी बाजू हातभर कमी करण्यात आली. लांबून लक्षात येत नाही.'

पुढं वाचता आलं नाही. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. बायकोनं दोरा बांधला, फाईल परत केली, माझी सही केली, मला घरी आणलं.

३ मार्च

काही नाही.

५ मार्च

आज एकटा गेलो. जे काय आहे ते सगळं बघायचंच असं ठरवून गेलो.

शिष्योत्तम शेजारच्या टेबलावर होता. मला पाहिलं, उभा राहिला, नमस्कार केला आणि आपले कागद उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, मला एकट्याला वाचता यावं म्हणून. इतकी दया मला कोणी दाखवली नव्हती. मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

फायलीच्या दुसऱ्या भागात माझे लेख आहेत. सगळे. मी स्वतः ठेवले नाहीत इतके नीट कापून, चिकटवून, तारीख घालून. पहिल्या लेखाच्या समासात लाल शाईत: 'हे गृहस्थ कोण? यांना पत्र्यावरून हटवू नये.' त्यानंतरच्या लेखावर: 'शेजारी देशाच्या वार्तापत्रात या लेखाचा उल्लेख आला आहे. उपयुक्त.' आणि पाचव्या लेखावर, ज्यात मी वजनाचा शोध मांडला होता: 'अपेक्षेपेक्षा उत्तम. यांचा समज कायम राहू द्यावा.'

मला पत्र्यावर चढताना कोणी पकडलं नाही म्हणून मी स्वतःला फार चलाख समजत होतो. त्या पत्र्यावर मी त्यांच्या नोकरीला होतो, बिनपगारी. विमान लाकडाचं होतं ते एक वेळ सोसेन. पण त्या लाकडी विमानाचा सगळ्यात चांगला चालणारा भाग मी होतो.

मग तीन अर्ज सापडले. अक्षर मोठं, प्रत्येक ओळ पट्टी लावून लिहिलेली. पहिला आमच्या लग्नानंतर चार महिन्यांचा.

'मी सुतार विभागात आहे. गुप्ततेची शपथ घेतली आहे ती मोडणार नाही. पण त्या विमानामागे लागलेले गृहस्थ आता माझ्या बहिणीचे यजमान आहेत. ते हुशार आहेत. त्यांचे आयुष्य यात जात आहे. फक्त त्यांना एकट्याला खरे सांगण्याची परवानगी मिळावी. ते बोलणार नाहीत याची हमी मी घेतो.'

दुसरा अकरा वर्षांनंतर. तिसरा तो निवृत्त झाला त्या महिन्यातला, आणि त्यात एक वाक्य जास्त: 'आता ते विमान वाळवीनेही संपवले आहे, तेव्हा हरकत नसावी.' तिन्हींवर एकच शिक्का, नामंजूर. तिसऱ्यावर ताकीद: पुन्हा अर्ज केल्यास कारवाई होईल.

ते बोलणार नाहीत याची हमी मी घेतो. मी कधीही न बोलता राहिलो नसतो. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर उभा राहून ओरडलो असतो. हे त्याला माहीत असणारच, तरी त्यानं लिहून दिलं. मला इतकी लाज वाटली की फाईल परत करताना कारकुनाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

६ मार्च

प्रकाशकाला जाऊन सांगितलं, पाचशेच्या पाचशे जाळून टाका. तो म्हणाला, "बरं." इतक्या लगेच म्हणाला की त्यालाही शिष्योत्तमाकडून सगळं कळलं असणार.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती गव्हातले खडे वेचत होती, मान वर केली नाही.

"जाळायचं तर जाळा," म्हणाली. "पण आधी दादाला विचारा. त्यात त्याचं विमान आहे."

"तू एक तारखेला ऐकलंस ना त्याच्याकडून? मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला कागद लागतो," ती म्हणाली. "माणसानं सांगितलेलं तुम्हाला कधी कळलंय?"

हे ती चिडून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

८ मार्च

दोन दिवस पाय उचलला नाही. आज गेलो.

मेहुण्याचं काम करायचं ठिकाण घराच्या मागं आहे, पत्र्याचं छप्पर, एक खिडकी. माझ्या अडतीस वर्षांत मी तिथं कधी पाऊल टाकलेलं नाही, पुढच्या खोलीत चहा पिऊन परत यायचो. तो कोणाचं तरी दार तासत होता. मला पाहून थांबला नाही.

"वाचली फाईल?"

"वाचली."

"सगळी?"

"तुमचे अर्जही."

रंधा दोनदा पुढं-मागं गेला. मी येताना रस्ताभर जुळवलेली वाक्यं एकही कामाला आली नाही. म्हणालो, "माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला.

बसायला सांगितलं नाही. हिशोब चुकता. मी उभाच राहिलो आणि पुस्तकं जाळायला सांगितल्याचं सांगून टाकलं. तेव्हा त्यानं रंधा खाली ठेवला, आणि मी त्याला पहिल्यांदा आवाज चढवताना ऐकलं.

"जाळायला? का?"

"तीनशे बारा पानं खोटी आहेत म्हणून."

"तुमची खोटी असतील. पंखाच्या वळणावर तुम्ही दोन पानं लिहिलीत, वाचलीत का परत? मी प्रत्येक लेख वाचलाय तुमचा. त्या वळणाला आम्हाला बारा दिवस लागले. पट्टी वाफेवर वाकवायची, एक तडकली की पुन्हा पहिल्यापासून. साहेब बघून म्हणाले, ठीक आहे, रंग लावा. बस. आणि तुम्ही लिहिलंत, हे वळण घडवणारा हात असामान्य आहे. छापून आलेलं. मी ते कोणाला दाखवू शकत नव्हतो, बायकोलासुद्धा नाही. ते जाळायला निघालात? माझ्या कामाला दुसऱ्या कोणी चांगलं म्हटलेलं नाही."

तो धापा टाकत होता. मग बाकावरचा भुसा हातानं झटकून म्हणाला, "बसा."

मी बसलो.

"तुम्हाला मूर्ख ठरवतील, ते ठरवतीलच. त्याला माझा इलाज नाही, मी सांगायला आलो होतो तुमच्या दारात," तो म्हणाला. "पण ती प्रस्तावनेतली ओळ. मला वाईट वाटलं ते सोडा. ती चूक आहे. मला विमानातलं कळतं. कळल्याशिवाय तुमच्यासारख्याला फसवेल असं बनत नाही."

छापलेली ओळ खोडता येत नाही, शुद्धिपत्र चिकटवता येतं. मी तिथंच, त्याच्या बाकावर, त्याच्याच जाड पेन्सिलीनं ते लिहिलं:

'प्रस्तावनेत "ज्याला विमानातले काही कळत नाही" याऐवजी "ज्याने हे विमान बनवले" असे वाचावे. पुस्तकातले विमान लाकडी होते. ते कधी उडाले नाही. ते उडते असा लेखकाचा समज होता आणि तो कायम राहावा अशी व्यवस्था करण्यात आली होती.'

त्याला दिलं. या वेळी चष्मा होता. त्यानं सावकाश वाचलं, पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्याच ओळीवर आडवी रेघ मारली.

"आता काय?" मी चिडून म्हणालो. इतकं लिहूनही याचं समाधान होत नाही म्हणजे काय.

"मी एकट्यानं नाही बनवलं. आम्ही तिघं होतो."

"फायलीत तुमचं एकट्याचंच आहे."

"अर्ज मी एकट्यानं केले म्हणून. बाकीचे दोघं गेले आता. त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. एकाची मुलगी अजून लोकांना सांगते, बाबा तळावर खोकी ठोकायचे."

मी वही उघडली. हीच वही, दुसरं काही जवळ नव्हतं. अडतीस वर्षांत त्याला मी विचारलेला हा दुसरा प्रश्न.

"नावं सांगा," म्हटलं.

त्यानं सांगितली. मी मागच्या पानावर लिहून घेतली आणि त्याला वाचून दाखवली. एक नाव मी चुकीचं घेतलं होतं. त्यानं पुन्हा सांगितलं, या खेपेला सावकाश.